पाठमोरा

माझ्या डोक्यामागे बारा फूट लांब एक शेत आहे.
मी ते दिवसभर पाहत नाही.
खिडकीशी बसणाऱ्याची पाठ असते त्याच्याकडे,
मला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं:
पार्सल काट्यावर, हनुवटी वर,
वजन होईस्तोवर
जो तो थोडा वेळ बिटाच्या शेतात उभा.

नेब्रास्कातलं कॉटर क्रीक.
धान्याची दोन कोठारं, बंद पडलेला साखर कारखाना
आणि आमचं पोस्ट.
चित्र एकोणचाळीस सालचं.
सरकारनं तेव्हा भिंतींनाही काम दिलं होतं.
शिकागोहून इडा फेनविक नावाची बाई आली,
रंगांच्या चार पेट्या घेऊन.
बीट तिनं जन्मात फक्त ताटात पाहिलेलं.
पडदा सरकला त्या दिवशी म्हणे
म्हातारा श्टाइनमेट्झ सगळ्यांदेखत बोलला,
"बाई, साखरेचं बीट पांढरं असतं.
हे लाल तुमच्या सॅलडातलं."

तिनं शिडी परत लावली.
नऊ दिवस एकेक कंद पांढरा करत बसली.
अजून खालचा लाल वर येतो,
हिवाळ्यात, हीटर तापला की,
ढिगाला लाज वाटल्यासारखा.
घोड्याचा पट्टा उलटा होता, तो सुलटा केला.
धुराड्याला धूर कमी पडत होता,
मॅनेजरच्या शब्दाखातर वाढवला.

उजव्या कोपऱ्यात एक माणूस पाठमोरा.
वाकलेला, हातात आकडीचा सुरा,
हॅटखाली मानेची उन्हानं रापलेली पट्टी.
सबंध गावाचा तो आजोबा.
हॅरिएट क्विस्ट म्हणते, खांदे बघ, आमच्याच घरातले.
श्टाइनमेट्झांकडे तर त्या पँटचं ठिगळ
कुणी लावलं तेही ठाऊक आहे.
मी पावती फाडते. मान हलवते.

माझी आजी रेफुहिओ म्हणायची, तो एलादिओ. माझा भाऊ.
तीन दुपारी उभा राहिला, पन्नास सेंट रोज,
मागच्या दारानं आत.
पोस्टावर पाटी नव्हती हं,
पाटी समोरच्या खानावळीवर होती.
पण माणूस पाटी अंगावर घेऊनच फिरतो.
चेहरा काढला होता, आजी सांगायची,
भुवईवरच्या खुणेसकट.
मग बीट पांढरं होत होतं त्याच नऊ दिवसांत
केव्हातरी तो वळला.
कुणी वळवला, कागदावर कुठे नाही.

मी हे खिडकीतून कुणाला सांगितलेलं नाही.
आजी गोष्टी फुगवायची.
तिच्या गोष्टींत गारा नेहमी संत्र्याएवढ्या.

मार्चमध्ये लिंकनहून एक पोरगा आला चित्र साफ करायला,
कानात डूल, हातात जांभळ्या उजेडाचा दिवा.
दोन मिनिटं लाइट घालवा, म्हणाला,
नंतर लावलेला रंग यात काळा दिसतो.
रांगेत पाच जण होते.
मी काउंटरबाहेर येऊन त्यांच्यात उभी राहिले.

आधी बीट काळं झालं, सगळा ढीग, कोळशाची रास जणू.
मग घोड्याचा पट्टा.
मग धूर, जास्तीचा तेवढाच.
कुणीतरी हसलं.
दिवा उजवीकडे सरकला.
चेहरा दिसला नाही.
दिसला एक काळा डाग,
डोक्याएवढा, हॅटच्या काठापासून खांद्यापर्यंत,
बाकी अंग होतं तसंच.
"इथेही काहीतरी बदललंय," पोरगा म्हणाला
आणि वहीत लिहून घेतलं.

लाइट आला.
मी खिडकीमागे गेले, स्टूल ओढलं,
शिक्क्याची तारीख बघितली, सकाळी बदललेली असूनही.
हॅरिएटचं पार्सल काट्यावर तसंच,
दोन पौंड सहा औंस.

"पुढे या," मी म्हटलं.

रांग जागची हलली नाही.
माना वर.